रक्त काय सांगतें?

— एक माजी विद्यार्थी

शाळेच्या वार्षिकासाठीं आरोग्यविषयक कांहीं लिहून पाठवावें, असें संपादक गुरुजींनीं कळविलें, तेव्हां प्रथम मनांत आलें कीं, स्वच्छता, हात धुणें, पाणी उकळून पिणें या विषयांवर आजवर इतकें लिहिलें गेलें आहे कीं माझ्या हातून त्यांत नवी भर पडणें कठीण. परंतु ज्या कामांत माझे दिवस जातात, तें काम घरोघर शिरलें असूनहि फार थोड्यांस ओळखीचें आहे. मी एका जिल्ह्याच्या ठिकाणीं, रक्त, लघवी व बेडका तपासणाऱ्या प्रयोगशाळेंत काम करतों. तेथें जें पाहतों व ऐकतों त्यावरून, तपासणी कशासाठीं करावयाची, केव्हां करावयाची आणि तिच्या उत्तरावर किती विसंबावयाचें, याविषयीं माझे कांहीं विचार बनले आहेत. ते विद्यार्थिमित्रांपुढें, आणि विशेषतः त्यांच्या आईवडिलांपुढें मांडण्याचें योजिलें आहे.

पावसाळा लागला कीं आमच्या दाराशीं सकाळपासून रांग लागते. ताप आलेलीं मुलें आईच्या खांद्यावर मान टाकून बसलेलीं असतात. कित्येकांच्या हातीं डॉक्टरांची चिठ्ठी असते; कित्येकांच्या हातीं ती नसते, आणि ते म्हणतात, “तापाच्या ज्या काय टेस्ट असतील त्या सगळ्या करून टाका.” अलीकडे तर हिवताप, डेंग्यू, विषमज्वर अशा पांचसहा तपासण्यांची एकत्र मोट बांधून ती सवलतीच्या दरांत देण्याची चाल पडली आहे. धंद्याच्या दृष्टीनें ती सोयीची असेल. मला ती आवडत नाहीं. बाजारांत भाजीवर कोथिंबीर फुकट मिळाली तर खुशाल घ्यावी. पण एका तपासणीवर दुसरी स्वस्त मिळते म्हणून ती घेणें निराळें. कोथिंबीर वाईट निघाली तर टाकून देतां येते. कागदावर छापून आलेला खोटा ‘पॉझिटिव्ह’ हा शब्द मात्र घरांतून सहजासहजीं बाहेर जात नाहीं.

तपासणी रोगाचें नांव सांगते, असा सर्वसाधारण समज आहे. वस्तुतः ती एका ठराविक प्रश्नाचें उत्तर देते, आणि तो प्रश्न बहुधा आपण समजतों त्याहून फार लहान असतो. या रक्तांत अमुक जंतु दिसला काय? अमुक जंतूच्या शरीराचा एखादा अंश सांपडला काय? अमुक जंतूविरुद्ध शरीरानें कधीं काळीं निर्माण केलेलें प्रतिद्रव्य येथें आहे काय? हे तीन प्रश्न ऐकावयास सारखे वाटले तरी त्यांत जमीनअस्मानाचें अंतर आहे. घरांत चोर प्रत्यक्ष सांपडणें, त्याची टोपी सांपडणें, आणि चोराच्या भयानें दाराला पूर्वीं केव्हां तरी बसविलेला अडसर दिसणें, या जशा तीन वेगळ्या गोष्टी, तसेंच हें आहे.

पहिल्या प्रकारचें उत्तम उदाहरण हिवतापाचें. १८८० सालीं लाव्हराँ नांवाच्या फ्रेंच लष्करी डॉक्टरांस अल्जीरियांत रोग्याच्या रक्तांत हिवतापाचा परोपजीवी प्रथम दिसला. पुढें १८९७ सालीं सिकंदराबाद येथें रोनाल्ड रॉस यांस तो डासाच्या जठराच्या भिंतींत वाढत असलेला सांपडला. लाव्हराँ यांनीं जें केलें तेंच आजहि आम्ही करतों. बोटाच्या टोकांतून घेतलेलें थेंबभर रक्त कांचपट्टीवर पसरतों, रंगवितों, आणि सूक्ष्मदर्शकाखालीं धरतों. तांबड्या पेशींत अंगठीसारखें निळसर कडें आणि त्याला चिकटलेला लाल ठिपका दिसला कीं वाद मिटतो. इतकेंच नव्हे, तर त्याची जात फॅल्सिपेरम कीं व्हायव्हॅक्स हेंहि कळतें, आणि औषध त्यावर ठरतें. कारण व्हायव्हॅक्सचे परोपजीवी यकृतांत दडून राहून महिन्यांनीं पुनः उठतात, त्यांसाठीं निराळें औषध द्यावें लागतें. ही तपासणी जुनी आहे, स्वस्त आहे, आणि चांगली आहे. तरी परोपजीवी थोडे असले तर एकाच पट्टींत ते दिसतील असा नेम नाहीं. संशय कायम असेल तर दुसऱ्या तिसऱ्या दिवशीं पुनः पट्टी पाहावी लागते.

हल्लीं पंधरावीस मिनिटांत उत्तर देणारी जी लहानशी पट्टी निघाली आहे, ती चोराची टोपी शोधणारी आहे. जेथें सूक्ष्मदर्शक नाहीं अशा खेड्यांत ती फार उपयोगी पडते. पण फॅल्सिपेरमचा जो अंश ती शोधते, तो रोगी बरा झाल्यावरहि कांहीं आठवडे रक्तांत राहूं शकतो. औषध पुरें झालेल्या मुलास घेऊन “अजून पॉझिटिव्ह कसें?” असें विचारीत कोणी आलें, तर ताप आहे काय, असें मी आधीं विचारतों. बहुधा तो नसतो. मूल बाहेर ओट्यावर खेळत असतें.

आतां अडसराकडे वळूं. विषमज्वर, ज्यास आपले वडीलधारे मुदतीचा ताप म्हणत, त्यासाठीं आपल्याकडे सर्रास केली जाणारी तपासणी विडाल यांच्या नांवानें ओळखली जाते. फर्नां विडाल या फ्रेंच वैद्यांनीं ती १८९६ सालीं, म्हणजे मुंबईंत प्लेग आला त्याच वर्षीं, प्रसिद्ध केली. कल्पना सुंदर आहे. विषमज्वर झालेल्या माणसाचें रक्तजल घेऊन त्यांत त्या रोगाचे जंतु मिसळले असतां जंतूंच्या गुठळ्या बनतात. कारण रक्तजलांत त्यांच्याविरुद्ध प्रतिद्रव्य तयार झालेलें असतें. रक्तजल अधिकाधिक पातळ करीत गेलें तरी गुठळ्या बनत राहिल्या, तर प्रतिद्रव्य तितकें जास्त. अहवालांत ‘एकास ऐंशी’, ‘एकास एकशें साठ’ असे जे आंकडे येतात त्यांचा अर्थ हाच.

परंतु आपल्या देशांत विषमज्वर कित्येक घरांतून होऊन गेलेला. त्यांच्या रक्तांत, ज्यांनीं लस घेतली त्यांच्या रक्तांत, आणि त्या जंतूच्या भाऊबंदांशीं ज्यांची गांठ पडली त्यांच्याहि रक्तांत हें प्रतिद्रव्य थोडेंबहुत असूं शकतें. हिवतापासारख्या दुसऱ्या तापांतहि आंकडा वर चढलेला दिसतो. उलटपक्षीं, खरोखर विषमज्वर असतांना पहिल्या आठवड्यांत तो पुष्कळदां चढलेला नसतो. म्हणजे ज्या दिवसांत उत्तराची गरज, त्या दिवसांत तपासणी मुकी. आणि ज्याला रोग नाहीं त्याच्यापाशीं बोलकी! आठदहा दिवसांच्या अंतरानें दोनदां रक्त घेऊन आंकडा चौपट चढला तर त्याला कांहीं अर्थ आहे. पण दुसऱ्यांदा रक्त देण्यास कोण येतो? माझ्या आजवरच्या कामांत असे लोक बोटांवर मोजण्याइतकेच झाले.

विषमज्वराचा चोर प्रत्यक्ष पकडावयाचा तर रक्तांतील जंतु पोषक द्रवांत वाढवून पाहावे लागतात. त्याला दोनतीन दिवस, कधीं अधिकहि लागतात, खर्च जास्त येतो, आणि दहा खऱ्या रोग्यांपैकीं पांचसहांच्याच रक्तांत जंतु सांपडतात. मात्र सांपडला तर तो कोणत्या औषधानें मरेल हेंहि कळतें, आणि आज तेंच सर्वांत महत्त्वाचें झालें आहे. २०१६ पासून पाकिस्तानांतील सिंध प्रांतांत विषमज्वराची जी सांथ पसरली, तिच्या जंतूंवर नेहमींचीं बहुतेक औषधें निकामी ठरलीं; तोंडानें घ्यावयाच्या औषधांपैकीं अझिथ्रोमायसिन तेवढें भरवशाचें उरलें. गरज नसतां औषधें उधळलीं म्हणजे जंतु अशा रीतीनें निर्ढावतात. ही वाढविण्याची तपासणी प्रतिजैविकाची पहिली गोळी पोटांत जाण्यापूर्वीं करावी, हें पुष्कळांस ठाऊक नसतें. दोन दिवस दुकानांतून आणलेल्या गोळ्या घेऊन मग जे येतात, त्यांच्या रक्तांतील जंतु आमच्या बाटलींत वाढण्याची आशा फार थोडी.

ही सर्व चर्चा कोरडी वाटेल, म्हणून माझ्या घरांतील एक हकीगत सांगतों. माझी थोरली बहीण सासरीं, आमच्यापासून बरीच दूर असते. कांहीं वर्षांपूर्वीं, तिचें मूल सात महिन्यांचें असतांना, तिला संध्याकाळीं बारीक ताप येऊं लागला. तेथील एका दवाखान्यांत तिचें रक्त तपासलें. विडाल ‘एकास एकशें साठ’ आली, आणि विषमज्वर असें ठरून औषध सुरू झालें. आठवड्याभरांत ताप उतरला, घरांत सर्वांस हायसें वाटलें. पंधरा दिवसांनीं ताप परत आला. पुनः रक्त, पुनः तोच आंकडा, पुनः तेंच औषध. असें तीनदां घडलें. मधल्या काळांत ती इतकी वाळली कीं हातांतल्या बांगड्या कोपरापर्यंत सरकूं लागल्या. एके दिवशीं आईनें फोनवर तिचा आवाज ऐकला आणि म्हणाली, “हिला खोकला आहे, आणि ही तो दाबते आहे.” आई दुसऱ्याच दिवशीं जाऊन तिला व बाळाला घेऊन आली.

आमच्या गांवच्या वृद्ध डॉक्टरांनीं अहवालांचा गठ्ठा न उलगडतांच बाजूस ठेवला आणि खाटेजवळ बसून विचारपूस केली. ताप कोणत्या वेळीं येतो, रात्रीं अंगाला घाम सुटतो काय, खोकला किती आठवड्यांचा, घरांत आणखी कोणास खोकला होता काय? तेव्हां कळलें कीं, सासरच्या घरांतील एक वृद्ध चुलत सासरे आदल्या वर्षीं दीर्घ खोकल्यानें वारले होते. डॉक्टरांनीं एकच तपासणी लिहून दिली, बेडक्याची. ती कांचपट्टी मींच रंगविली. निळ्या पार्श्वभूमीवर तांबड्या बारीक काड्या इतक्या ठिकाणीं दिसल्या कीं मोजण्याची गरज राहिली नाहीं. त्या काड्या मीं पूर्वीं शेंकडों वेळां पाहिल्या होत्या. परंतु त्या दिवशीं पट्टीवर चिकटविलेल्या चिठ्ठीवर माझ्या ताईचें नांव होतें.

विषमज्वरावरच्या ज्या औषधानें तिला दर खेपेस बरें वाटे, त्या जातीचीं औषधें क्षयाच्या जंतूंनाहि कांहीं काळ दाबून ठेवतात. म्हणून ताप उतरे, आणि रोग आंत वाढत राही. या सबंध काळांत तान्हें मूल तिच्या कुशींत निजत होतें. सहा महिने नियमानें औषध घेऊन बहीण पूर्ण बरी झाली. बाळाला रोग जडला नसल्याची खात्री करून घेऊन त्याला प्रतिबंधक औषध दिलें गेलें; देवाच्या दयेनें तो भाचा आज चौथींत आहे आणि मामाचें कांहींएक ऐकत नाहीं. कोणी मुद्दाम हयगय केली असें मला म्हणावयाचें नाहीं. आंकडाहि खोटा नव्हता. तें प्रतिद्रव्य तिच्या रक्तांत खरोखर होतें. लहानपणच्या एखाद्या तापाचें, कीं आणखी कशाचें, देव जाणे. प्रश्न विचारण्याआधींच उत्तर हातीं आलें, आणि मग प्रश्न कोणी विचारलाच नाहीं.

येथें थोडें गणित करावें लागेल. आठवीच्या मुलासहि तें जमेल. समजा, एखादी तपासणी शंभर रोग्यांपैकीं ९० जणांस बरोबर ओळखते, आणि शंभर निरोगी माणसांपैकीं पांचांस चुकून रोगी म्हणते. ऐकणाऱ्यास ती उत्तम वाटेल. आतां १,००० मुलांच्या शाळेंत सरसकट सर्वांची ती तपासणी केली, आणि त्यांत खरे रोगी दहाच आहेत असें धरा. दहांपैकीं नऊ सांपडतील. उरलेल्या ९९० निरोगी मुलांपैकीं जवळजवळ ५० जणांसहि रोग असल्याचा अहवाल मिळेल. म्हणजे सुमारें ५९ घरांत काळजी शिरेल, त्यांतील ५० घरांत विनाकारण. उलट डॉक्टरांनीं लक्षणें पाहून १०० मुलें निवडलीं, आणि त्यांत निम्मीं खरोखर आजारी असलीं, तर ४५ खरे रोगी सांपडतात आणि खोटे दोनतीनच. तपासणी तीच, यंत्र तेंच, हातहि तेच. फरक पडला तो यंत्राला हात लावण्यापूर्वीं जो विचार झाला त्यानें.

याच हिशेबाची दुसरी बाजूहि पाहावी. त्या ५० आजारी मुलांपैकीं पांचांना ‘रोग नाहीं’ असा कागद मिळालेला असतो, आणि त्यांच्या घरीं पेढे वांटले जातात. २०२० सालीं कोरोनाच्या सांथींत झटपट तपासणींत निगेटिव्ह आलेल्या, परंतु लक्षणें असलेल्या माणसांची आर. टी. पी. सी. आर. तपासणी पुनः करावी, असा नियम होता, तो यासाठींच. पुष्कळांस तो जाचक वाटला. मला तो त्या सबंध गोंधळांतील शहाणपणाच्या थोड्या गोष्टींपैकीं एक वाटतो.

क्षयाच्या बाबतींत आपल्या सरकारनें एक धीराचें काम केलें, तें फारसें कोणाच्या लक्षांत नाहीं. रक्तांतील प्रतिद्रव्यावरून क्षय ओळखण्याचा दावा करणाऱ्या तपासण्या एके काळीं आपल्याकडे मोठ्या प्रमाणावर विकल्या जात. त्यांचीं उत्तरें इतकीं बेभरवशाचीं ठरलीं कीं, २०११ सालीं जागतिक आरोग्य संघटनेनें त्या वापरूं नयेत असें बजावलें, आणि २०१२ सालीं भारत सरकारनें त्यांची आयात, निर्मिति व विक्री बंद केली. नवी तपासणी निघाल्याची बातमी ठळक छापली जाते. वाईट तपासणी मोडीत काढल्याची बातमी कोण वाचतो?

२४ मार्च १८८२ रोजीं बर्लिन येथें रॉबर्ट कॉक यांनीं क्षयाचा जंतु जगापुढें मांडला, तेव्हांपासून बेडका आणि सूक्ष्मदर्शक यांची जोडी चालत आली. पण सूक्ष्मदर्शकांत जंतु सांपडण्यासाठीं ते एका मिलिलिटर बेडक्यांत पांच ते दहा हजार तरी असावे लागतात. हल्लींचीं यंत्रें जंतूचा जनुकांश हुडकतात, त्यांना त्याहून पुष्कळ कमी जंतु पुरतात. गोव्यांतील मोल्बायो या कंपनीचें ट्रूनॅट हें त्यांपैकींच एक लहानसें यंत्र. तें घटमालेवर चालतें, म्हणून जेथें वीज जाते येते अशा आरोग्यकेंद्रांतहि ठेवतां येतें, आणि रिफॅम्पिसिन हें मुख्य औषध लागू पडेल कीं नाहीं याचाहि पत्ता देतें. जागतिक आरोग्य संघटनेनें २०२० सालीं त्यास मान्यता दिली. असें यंत्र आपल्या शेजारीं तयार झालें याचा मला अभिमान वाटतो. परंतु यंत्र कितीहि हुशार असलें तरी डबींत थुंकी भरून दिली तर तें थुंकीचेंच उत्तर देणार. सकाळीं उठल्यावर चूळ भरून, मोकळ्या जागीं उभें राहून, दोनतीन वेळां दीर्घ श्वास घेऊन छातींतून खोकून काढलेला बेडका हवा. हें समजावून सांगण्यास दोन मिनिटें लागतात. त्या दोन मिनिटांइतकी स्वस्त आणि उपयोगी सुधारणा आमच्या धंद्यांत दुसरी नसेल.

राहतां राहिला काळाचा प्रश्न. डेंग्यूच्या तापांत जंतूचा अंश शोधणारी एन. एस. १ ही तपासणी पहिल्या पांच दिवसांत चांगली चालते; प्रतिद्रव्याची तपासणी साधारण त्यानंतर बोलूं लागते. दुसऱ्या दिवशीं प्रतिद्रव्य शोधलें, किंवा आठव्या दिवशीं एन. एस. १ केली, तर खरा डेंग्यूहि निसटूं शकतो. म्हणून मुलाला ताप आला तर कोणत्या तारखेस आला, किती अंश चढला, थंडी वाजली काय, कोणती गोळी दिली, हें एका वहींत आईनें किंवा मोठ्या भावंडानें लिहून ठेवावें. डॉक्टरांना तिचा उपयोग होतो आणि आम्हांलाहि होतो. श्वास लागणें, गुंगी, झटके, सारख्या ओकाऱ्या किंवा रक्तस्राव दिसला तर मात्र वही व अहवाल यांची वाट न पाहतां रोग्यास रुग्णालयांत न्यावें. तेथें उपचार आधीं आणि तपासणी बरोबरीनें होते.

यंदाच्या जूनपासून आमच्या प्रयोगशाळेनें नमुन्याबरोबर भरावयाच्या कागदावर तीन ओळी वाढविल्या आहेत: ताप कितव्या दिवसाचा, आधीं कोणतें औषध घेतलें, आणि डॉक्टरांना कशाचा संशय आहे. पहिल्या महिन्यांत बहुतेक कागद कोरेच येत. हळूहळू लोक भरूं लागले. परवां एक नववीतली मुलगी आपल्या आजीला घेऊन आली. आजीला लिहितां येत नव्हतें, म्हणून मुलीनें नीट अक्षरांत तिन्ही ओळी भरल्या. शेवटच्या ओळींत तिनें लिहिलें होतें: “डॉक्टरांना हिवताप वाटतो. आजीला ऊन लागल्याचा ताप वाटतो.” पट्टींत व्हायव्हॅक्स निघाला. मुलीनें अहवाल मोठ्यानें वाचून दाखविला. आजीनें तो एकदां उलटा, एकदां सुलटा न्याहाळला, चार घड्या घातल्या आणि चंचींत ठेवून दिला.